चौदावी रांग

३ ऑक्टोबर

भाऊजी,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. ठकी म्हणाली, "आई, काका पत्राला उत्तर देतात, फोनला नाही. बाबांना नाही का पानंच्या पानं लिहायचे?" म्हणून कागद घेतला.

काम असं आहे. घरामागच्या सागाच्या तुकड्यासाठी वखारवाला दोनदा येऊन गेला. त्याचं म्हणणं, सगळी झाडं उक्ती देऊन टाका. मोजामाप नको, कटकट नको, माणसं माझी, गाड्या माझ्या. तुम्ही फक्त सही करा आणि महिनाभर मागचं दार लावून घ्या. बोलायला गोड आहे. माझ्या शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसून त्याने पाणी मागितलं आणि म्हणाला, "ताई, लावणारा माणूस गेल्यावर झाडं कुणी सांभाळायची?" मी म्हटलं, खरं आहे.

मला ती झाडं ठेवायची नाहीत. कापून न्यावीत, जमीन उघडी व्हावी, एवढंच. पण ठकी म्हणते, घाई करू नकोस, काका जन्मभर जंगलखात्यात होते, लोकांना झाडं कशी राखायची आणि कशी विकायची हेच सांगत गावोगाव फिरले, त्यांना विचार. म्हणून विचारतेय. सही करू का? हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी चालेल.

मी बरी आहे. लोक विचारतात, मी बरी आहे म्हणून सांगते, आणि ते खरंच आहे. शिवणकाम चालू आहे. शाळेचे गणवेश झाले, आता दवाखान्याच्या परिचारिकांचे कपडे आलेत. जेवते, झोपते. हे गेल्याला नऊ महिने झाले, एकदाही रडले नाही. शेजारीण त्याची काळजी करते. मी करत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे?

वहिनी


१४ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. सही करू नका.

उक्त्या सौद्यात विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते माहीत नसतं आणि घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तुमच्या स्टुलावर बसायच्या आधी तो माणूस मागच्या रानातून चक्कर मारून आलेला असणार, आणि कुठलं झाड किती फुटांपर्यंत सरळ आहे हे त्याच्या डोक्यात असणार. न मोजता विकणं म्हणजे बंद पोतं विकणं. आणि घाई कसली? झाड म्हणजे दूध नव्हे, नासायला. वर्षभर उभं राहिलं तर वाढतंच.

तेव्हा आधी मोजणी. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर घ्यायचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. नेमकी तिथेच गाठ आली तर चार बोटं वर घ्या. तुमचा शिवणाचा टेप चालेल. टेप आडवा, झोल न पडू देता. पण हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं. घेराबरोबर प्रत्येक झाड कुठपर्यंत सरळ आहे ते अंदाजाने फुटात लिहा, आणि पुढे एक शब्द: सरळ, वाकडं, दुबेळकं किंवा पोकळ. दुबेळकं म्हणजे खालीच दोन फाटे फुटलेलं. पोकळ आहे का ते काठीने ठोकून कळतं, आवाज मडक्यासारखा येतो. मोजलेल्या झाडाला चुन्याचा ठिपका द्या, म्हणजे दोनदा मोजलं जाणार नाही.

चोवीस वर्षांपूर्वी लावणी केली तेव्हाचा दादाच्या हातचा नकाशा माझ्याकडे आहे. रांगांना त्याने उंच बाजूकडून नंबर दिलेत. तसेच तुम्हीही द्या.

हे झाल्याशिवाय कुणालाही काही कबूल करू नका. तोंडीसुद्धा नाही.

गुडघा आहे तसाच.

भाऊजी


२ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही लिहिलंत तसं केलं. सकाळी नऊ ते बारा, अकरा दिवस. वही सोबत पाठवतेय, सांभाळा, दुसरी प्रत केलेली नाही.

तीनशे अठ्ठ्याऐंशी झाडं आहेत. सगळ्यात जाड एकावन्न इंच, सहाव्या रांगेत. सगळ्यात बारीक सतरा. ते झाड आहे का काठी आहे असं वाटलं, पण ठिपका दिला. शेजारीण चुन्याचा डबा धरून मागे मागे यायची. पहिल्या दिवशी सवयीने मी "छाती एकोणचाळीस" असं लिहिलं आणि त्याच्याखाली "कंबर" लिहायला घेतलं. शेजारीण पोट धरून हसली. मलाही हसू यायला हवं होतं. यायला हवं हे कळलं, आलं नाही.

काम चांगलं आहे. डोकं लागत नाही. झाडाला टेप लावायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, पुढच्याकडे जायचं. गिऱ्हाईक श्वास ओढून घेतं, पोट आत घेतं, झाड तसं काही करत नाही.

वखारवाला रस्त्यात भेटला. मोजतेय म्हटल्यावर त्याचं तोंड जरा उतरलं. म्हणाला, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, दिराने. मग म्हणाला, "बरं, सगळी नको तर जाड जाड तेवढी द्या, बाकीची राहू देत तुम्हाला." मी म्हटलं, विचारून सांगते.

तुमचा गुडघा अजून तसाच आहे हे वाचलं. तेव्हा ऑपरेशन होतं म्हणून तुम्हाला येता आलं नाही हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. तेराव्या दिवसापर्यंत लोक विचारत होते, "सख्ख्यासारखा चुलतभाऊ, तो कसा नाही दिसला?" ऑपरेशन सांगितलं की गप्प बसायचे.

वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

वही मिळाली. खोटं सांगत नाही, आमच्या खात्यातल्या शिकून आलेल्या लोकांनीही इतकी स्वच्छ मोजणी क्वचित केली असेल.

जाड जाड झाडं त्याला देऊ नका. ती वरची साय आहे. साय काढून नेली की खाली पाणीच राहतं. मग वाकडी, दबलेली झाडं वाढत राहतात आणि त्यांना पुढे कुणी विचारत नाही. करायचं ते बरोबर उलटं. वाकडी, दुबेळकी, पोकळ आणि दोन चांगल्यांच्या मधे गुदमरलेली झाडं आता विकायची, आणि सरळ झाडांना मोकळं ऊन द्यायचं. याला विरळणी म्हणतात. चोवीस वर्षांच्या सागात आतलं पक्कं लाकूड आता कुठे भरायला लागलंय. ही चांगली झाडं अजून बारा-पंधरा वर्षं उभी राहिली तर ठकी तुमचं नाव काढेल.

काढायच्या झाडांवर मी वहीत लाल खूण केलीय, वही परत पाठवतोय. तुम्ही प्रत्यक्ष झाडावर रंगाचा पट्टा मारा, आणि तसाच दुसरा ठिपका अगदी बुंध्याशी, जमिनीलगत. वरचा पट्टा लाकडाबरोबर गाडीत जातो. खालचा ठिपका खुंटावर राहतो. तोडणी झाल्यावर फिरून बघायचं: ज्या खुंटावर ठिपका नाही ते झाड चोरलं. नुसता ठिपका दिसला तरी लोक सरळ वागतात.

सौदा एकट्या वखारवाल्याशी नको. तीन जणांना बोलवा, तिघांना तीच यादी द्या, तिघांकडून बंद पाकिटात भाव घ्या. करार लेखी. कुठली झाडं, कुठल्या तारखेपर्यंत, गाडी कुठल्या वाटेने, फांद्या कोण उचलणार, उभ्या झाडाला इजा झाली तर काय, तोडणीचा परवाना कोण काढणार आणि माणसाला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे सगळं त्यात हवं. मसुदा सोबत आहे.

एक राहिलं. वहीत तेराच रांगा आहेत. दादाच्या नकाशात चौदा दाखवल्यात. ओढ्याकडची शेवटची रांग मोजायची राहिली असं दिसतं. ती मोजून पाठवा, म्हणजे चित्र पुरं होईल.

भाऊजी


२६ नोव्हेंबर

भाऊजी,

चौदावी रांग मोजायची राहिली नाही. मी मोजली नाही.

ठकीने तुम्हाला फोनवर "झाड अंगावर पडलं" एवढंच सांगितलं होतं, असं ती म्हणते. तुम्ही पुढे विचारलं नाही म्हणे. आता लिहितेच.

हे एक वाकडं झाड पाडत होते. मागून आणलेली मशीनची करवत होती. आधीच्या दोन दिवसांत तीन पाडली होती, जेवताना खुशीत होते. चौथं झाड कापलं ते खाली आलंच नाही, शेजारच्या झाडाच्या फांद्यांत शेंडा अडकला आणि तिरकं तसंच राहिलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा हे त्याच्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "लटकलं बघ लेकाचं." मी म्हटलं, राहू द्या, उद्या कुणाला तरी बोलवा. तर म्हणाले, "खालून एक तुकडा कापला की येतंय आपोआप. तू डबा ठेव, मी आलोच." मी डबा बांधावर ठेवला आणि घरी आले. कापडाला पाणी मारून ठेवलं होतं, ते इस्त्री करायचं होतं.

तुकडा कापला, आणि वरचं अख्खं खोड सरळ खाली बसलं. यांच्यावर. करवतीचा आवाज थांबला तो मी ऐकला. मला वाटलं, जेवायला बसले.

माणसांनी पहारीने खोड उचकटून यांना काढलं. झाड मात्र अजून तसंच आहे. बुडखा जमिनीत रुतलाय, शेंडा शेजारच्या झाडात. पावसाळा गेला, वारे येऊन गेले, पडलं नाही. मी तिकडे जात नाही म्हणून रांग मोजली नाही. दुसरं काही कारण नाही.

आता तुम्हाला एक विचारायचंय, आणि पहिल्या पत्रापासूनच विचारायचं होतं. वखारवाल्याचं निमित्त झालं.

दवाखान्यातून यांचे कपडे पिशवीतून परत दिले. मी घरी आणून भिजवले. जन्मभर खिसे उलटे करून बघणारी मी, त्या दिवशी नाही बघितले. शर्टाच्या खिशात तुमचं पत्र होतं, त्याच महिन्यात आलेलं. पत्र खिशात घेऊनच हे कामाला जायचे वाटतं. वाळवलं तेव्हा वरचं वाचता येत होतं: "यंदा विरळणी केलीच पाहिजे." पुढे "वाकडी पाच-सहा", आणि त्यापुढे तळहाताएवढा निळा डाग. अगदी खाली, "गुडघा बरा असता तर मीच आलो असतो."

त्या डागात काय होतं? अडकलेल्या झाडाचं काही लिहिलं होतंत का? लिहिलं होतं आणि यांनी ऐकलं नाही, की लिहिलंच नव्हतं? तेवढं सांगा. ठकीला हे पत्र दाखवलेलं नाही.

वहिनी


८ जानेवारी

भाऊजी,

सहा आठवडे झाले. उत्तर नाही. ठकी म्हणते टपालात गहाळ झालं असेल. असेल.

पट्टे मारलेले नाहीत, तिघांना बोलावलेलं नाही. येत्या शुक्रवारी वखारवाला कागद घेऊन येतोय. सही करणार आहे. सगळी झाडं, चौदाच्या चौदा रांगा. त्याची माणसं सोमवारपासून लागतील, शेवटच्या रांगेपासून सुरुवात करतो म्हणाला, ओढ्याकडून गाडी लावायला सोपं पडतं.

तुम्ही मेहनत घेतलीत, ती वाया गेली. राग मानू नका. मलाही कुणाचा राग नाही. काहीच नाही.

वहिनी


१२ जानेवारी

वहिनी,

आधी कामाचं. चौदाव्या रांगेत कुणालाही पाऊल टाकू देऊ नका. वखारवाल्याच्या माणसांना नाही, शेजारणीला नाही, गुरांनाही नाही. वर्षभर अडकलेलं झाड म्हणजे घोडा ओढून ठेवलेली बंदूक. फांदी कुजत आलेली असते, कधी सुटेल सांगता येत नाही. दोन्ही टोकांना दोरी बांधा, लाल फडकी लावा. ते झाड जवळ न जाता, लांबून साखळी-पुलीने ओढून पाडावं लागतं. माझ्या ओळखीचा एक जुना मुकादम आहे, तो करेल. त्याच्याशी बोललोय. हे पत्र त्याच्या माणसाच्या हाती पाठवतोय, टपालावर विसंबलो नाही.

आता डागाचं.

त्या डागात होतं ते असं: "वाकडी पाच-सहा झाडं तर तू स्वतःच पाड. एवढ्यासाठी माणसं कशाला लावतोस? शिकवलंय ना मी तुला." बस्स. अडकलेल्या झाडाबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी बत्तीस वर्षं तोडणीच्या माणसांना शिकवलं. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य तेच असायचं: अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही. करवत हातात द्यायच्या आधी म्हणवून घ्यायचो. माझ्या हाताखालचा एकही माणूस तसा गेला नाही, याचा मला अभिमान होता. आणि दादाला काय शिकवलं होतं? पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही स्वयंपाक करत होतात तेवढ्या अर्ध्या तासात, मनगटाएवढी दोन झाडं पाडून दाखवली. गंमत म्हणून. त्याला "शिकवलंय" म्हणालो.

त्याला ते वाक्य का नाही सांगितलं याचा वर्षभर विचार करतोय. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सायकल त्याने शिकवली, पोहायला त्याने शिकवलं. त्याला धोक्याचं सांगायचं माझ्या मनातच आलं नाही. आपल्या मोठ्या भावाला सगळं येतं, असं मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही धरून चाललो होतो.

ऑपरेशन झालं नव्हतं. तारीख ठरली होती, मी पुढे ढकलली होती. तुमच्याकडे यायची हिंमत नव्हती म्हणून आलो नाही. तुम्ही माझ्या खोट्यासाठी लोकांना तेरा दिवस उत्तरं देत होतात, हे वाचून दोन दिवस जेवलो नाही. त्याने काही होत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी जेवलो. चौदावी रांग का राहिली तेही मला कळलं होतं. तरी विचारलं. अधिकाऱ्यासारखं विचारलं, म्हणजे भाऊ म्हणून विचारावं लागू नये.

सहा आठवड्यांत तीन पत्रं लिहिली. पहिल्यात लिहिलं होतं, की हो, धोक्याचं लिहिलं होतं. कोण बघणार होतं? ते लिहून पाकीटही चिकटवलं. मग दादा तुमच्या डोळ्यांपुढे हट्टी ठरला असता, सांगूनही न ऐकणारा. तो तसा नव्हता. मी जे लिहायचो ते तो करायचा, अक्षरन् अक्षर. म्हणून फाडलं.

सही करायची की नाही हे आता मी सांगत नाही. झाडं तुमची आहेत. फक्त ते एक झाड खाली येईपर्यंत कुणाला आत सोडू नका.

भाऊजी


१९ जानेवारी

भाऊजी,

मुकादमाचा माणूस गुरुवारी दुपारी पत्र देऊन गेला. मशीनशी उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग एक बाही शिवायला घेतली आणि उलटी जोडली. उसवली, पुन्हा उलटीच जोडली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तेव्हा कळलं की मला राग आलाय.

किती दिवसांनी काहीतरी आलं म्हणून सांगू! मनात तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही, कागद संपेल.

शुक्रवारी वखारवाला आला. गोड हसत स्टुलावर बसला, कागद काढला, पेनाचं टोपणही काढून दिलं. मी म्हटलं, "तुमची माणसं शेवटच्या रांगेपासून लावणार होता ना? तिथे काय आहे माहीत आहे?"

म्हणाला, "हो, ते लटकलेलं झाड. बघितलंय ना."

"बघितलंय, आणि तिथूनच सुरुवात करणार होता? कुणाला सांगणार होता तुकडा कापायला?"

तर म्हणाला, "अहो ताई, ती माणसं सवयीची असतात."

मग मी जी सुटले! वड्याचं तेल वांग्यावर निघालं म्हणा. तुमच्या वाट्याचं सगळं त्याला ऐकवलं. शेजारीण पदराला हात पुसत धावत आली, तिला वाटलं घरात चोर शिरला. तो पेन विसरून गेला. पेन चांगलं आहे, त्यानेच लिहितेय.

सही केलेली नाही. दोऱ्या बांधल्या, फडकी लावली. बांधायला मीच गेले, दोन्ही टोकांना. झाड बघितलं. वाटलं होतं त्यापेक्षा बारीक आहे.

मुकादमाला बोलवा. तुम्हीही या. याल तेव्हा तुमच्याशी धड बोलेन असं समजू नका. पण या.

वहिनी


२३ जानेवारी

वहिनी,

पाच तारखेला दुपारच्या गाडीने पोचतो. मुकादम आणि त्याचे चौघे सात तारखेला येतील. उतरवून घ्यायला कुणाला पाठवू नका, मी येईन चालत.

भाऊजी


१० मार्च

भाऊजी,

तुम्ही परत घरी पोचल्याचं ठकीकडून कळलं. नऊ दिवस राहिलात, आणि त्यातले बहुतेक दिवस आपण "जेवायला वाढू का" आणि "पाणी तापलंय" एवढंच बोललो. म्हणून काही गोष्टी लिहून कळवते, तोंडाने जमल्या नाहीत.

तुम्ही त्या झाडाभोवती लांबून दोनदा फिरलात ते मी खिडकीतून बघत होते. मग त्या चौघांना ओळीत उभं केलंत आणि म्हणालात, "अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही. म्हणा." ते म्हणाले. मी मागे उभी होते. वाक्य चार शब्दांचं आहे. मी मोजले. मग साखळी लावली, पुली ओढली, आणि झाड खाली आलं. वीस मिनिटं लागली. मला वाटलं होतं की ते पडताना मला काहीतरी होईल. काही झालं नाही. धूळ उडाली, मुकादमाने विडी पेटवली, आणि तुम्ही खुर्चीवर बसलात ते तासभर उठला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओला टॉवेल माझ्या कापून ठेवलेल्या कापडावर टाकलात. बारा परिचारिकांचं कापड. त्यावरून मी जे बोलले ते टॉवेलाबद्दल नव्हतं हे तुम्हालाही कळलं. तुम्ही नुसतं "हो" म्हणत राहिलात. मी ओरडले, "हो काय? भांडा ना!" तुम्ही म्हणालात, "वहिनी, काय भांडू? तुमचंच बरोबर आहे." मी म्हटलं, "माझं बरोबर असून मी काय करू त्याचं?" घसा दोन दिवस बसला, गिऱ्हाइकांशी खुणेने बोलत होते. रडू तेव्हाही आलं नाही. आता ते येईल म्हणून वाट बघणं मी सोडून दिलंय.

विरळणी संपली. तीन पाकिटं आली, तिसऱ्याला दिलं. तो कमी बोलतो आणि वेळेवर येतो. एकशे बेचाळीस झाडं गेली. काल शेजारीण आणि मी सगळे खुंट बघून आलो, प्रत्येकावर ठिपका आहे. चौदाव्या रांगेतली एकोणतीस झाडं मी मोजली, त्यातली बावीस राहिली. मला उघडी जमीन हवी होती, ती काही मिळाली नाही. पण ऊन आता खालपर्यंत येतं. गवत उगवायला लागलंय. दुपारी जाऊन बसते कधी कधी. काही वाटतं असं नाही. बसते.

ठकीला डागाचं पत्र दाखवलं, आणि तुमचं जानेवारीतलंही. तिने वाचलं, घडी केली, म्हणाली, "काकांनी खोटं लिहिलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "नसतं चाललं."

एक उत्तर द्यायचं राहिलं. जाताना दारात तुम्ही विचारलंत, "वहिनी, माफ केलंत का?" मी तुमची पिशवी शोधायच्या निमित्ताने आत गेले. उत्तर असं आहे: नाही. पुढे कधी होईल असंही वाटत नाही, तेव्हा उगाच त्याच्याकडे डोळे लावून बसू नका.

पण पुढच्या वर्षी पाऊस संपला की झाडं बघायला तुम्हीच यायचं. तिसऱ्या वखारवाल्याने एक तज्ज्ञ सुचवलाय, तरुण आहे, स्वतःच्या गाडीने येतो, सगळं यंत्राने मोजतो. मी त्याला नको म्हणून कळवलं. म्हटलं, घरची झाडं आहेत, घरचा माणूस बघेल.

वहिनी